मंगळवार, उभ्याने

मंगळवारी पहाटे साडेसहाला गोळी.
पहाट आपली म्हणायची. बोट्सफ्योर्डला नोव्हेंबरअखेर
सूर्य जो जातो तो जानेवारीपर्यंत फिरकत नाही.
पेलाभर साधं पाणी. मग अर्धा तास
आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही,
कॉफी तर नाहीच.
कागदात सगळं लिहिलंय. उलगडला की
टेबल झाकतो, आणि पुन्हा
मूळच्या घडीवर बसत नाही, काही केल्या.

सगळं पाळलं. तरी छातीत जळायचं,
गळ गिळलेल्या माशासारखं,
आणि दोरी कुणीतरी अधूनमधून ओढून बघायचं.

चौतीस वर्षं मी कारखान्यात
कॉड सोलत उभी होते. बर्फाचं पाणी, पातळ सुरी.
एक काटा राहिला तर पेटी परत.
हाडाची काडं करणं म्हणतात, ते हेच असावं.
आमच्या बोलीत काट्याला, हाडाला आणि पायाला
एकच शब्द: बाइन.
डॉक्टर म्हणाली, बाइन ठिसूळ झालंय,
तेव्हा मी आधी खाली बुटांकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणजे सेल्वाराणीची धाकटी, थर्शिनी.
तिची आई जाफन्याहून आली ती थेट
माझ्या डाव्या हाताला उभी राहिली, अठरा वर्षं.
या पोरीचे मोजे मी विणलेत.
आता ती मला विचारते, पडलात का मध्ये कधी?
नाही. पडली ती माझी बहीण गुन्वोर,
दारातल्या बर्फावर, टपालपेटीपासून चार पावलांवर.
म्हणून तर गोळी.

मग दाढ.
दातांचा डॉक्टर चिमटा खाली ठेवून म्हणाला,
या औषधावर जबड्याचं हाड मरू शकतं, क्वचित.
क्वचित.
घरी येऊन तो शब्द दुखऱ्या दाढेखाली धरला
आणि रात्रभर चघळत राहिले.

ओड्मुंडचं मात्र ठरवून काही झालं नाही.
औषधांच्या दुकानात, रांगेत, त्याच्या हातात
माझंच खोकं. बायकांचा आजार म्हणतात याला.
त्याने छताकडे पाहिलं. मीही पाहिलं.
छतावर काही नव्हतं.
पुढच्या मंगळवारी, बंदरापलीकडे,
पिवळ्या घराच्या खिडकीत दिवा,
आणि दिव्यात एक उभा माणूस.
त्याने पेला उंचावला.
मी आधी मागे वळून बघितलं.

हिवाळाभर असं. मधे काळं पाणी, दोन ट्रॉलर,
आणि दोन म्हातारी माणसं, शिक्षा झालेल्या
शाळकरी पोरांसारखी, ताठ.
बोलणं नाही. बोलायला बसावं लागतं.

मार्चमध्ये थर्शिनी म्हणाली, गोळी पुरे झाली.
दाढेचं आधी उरकू, मग वर्षातून एकदा सलाइन.
तीन दिवस अंग मोडून येईल, भरपूर पाणी प्या.
आलं. ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती
ती हाडं एकेक करून हजेरी देऊन गेली.
सेल्वाराणी थर्मासमधून मिरीचं रसम घेऊन आली,
म्हणाली, पी, रड, झोप.
तिन्ही केलं. त्या क्रमाने नाही.

बहिणीची मुलगी फोनवर म्हणते,
रोग परवडला, मावशी, इलाज नको.
तिचं वय एकोणतीस. म्हणू दे.
मला गुन्वोरचं ते वॉकर अजून दिसतं,
दाराआड, दमून थांबलेल्या शेळीसारखं.

आता छातीत जळत नाही.
मंगळवारी साडेसहाला झोपून राहता येतं.
नाही राहिले.
तो तिकडे अजून गोळीवरच आहे,
आणि अर्धा तास एकट्याने फार लांब असतो.

उभी राहते. पेल्यात कॉफी असते, काळी, गरम.
एवढ्या लांबून त्याला कळत नाही.

कळत असेल.
मागच्या आठवड्यात त्याच्याही पेल्यातून
वाफ निघत होती.